अद्भुतातील औषधी आणि वैद्याचा विवेक

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. आमच्या चिकित्सालयात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला. पेरूच्या झाडावरून पडून त्याच्या उजव्या हाताचे हाड मोडले होते. अस्थिरोगतज्ज्ञांनी ते नीट बसवून प्लास्टर घातले होते. आजींना कांडवेलीविषयी विचारावयाचे होते. नातवाला मात्र त्याहून निकडीचे काही विचारावयाचे होते. "काका, हॅरी पॉटरच्या हातातली सगळी हाडं नाहीशी होतात, तेव्हा नर्सबाई त्याला एक औषध पाजते आणि एका रात्रीत नवी हाडं येतात. मग मला सहा आठवडे का?" आजी संकोचल्या. आम्ही हसून वेळ मारून नेली.

रात्री मात्र तो प्रश्न मनातून जाईना. कारण हाच प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला रोज विचारला जातो. विचारणारे वयाने मोठे असतात आणि कोणत्या पुस्तकाचे नाव घेत नाहीत, इतकाच फरक. ‘मधुमेह मुळासकट जाईल असे काही द्या’, ‘गुडघा पूर्वीसारखा होईल असा एखादाच काढा सांगा’, ‘खरी संजीवनी तुमच्याकडे मिळते का?’ या सर्वांच्या मुळाशी त्या मुलाचीच आशा असते. त्यामुळे ज्या वाङ्मयातून ही आशा आकार घेते, ते वाङ्मय वैद्याने एकदा नीट वाचावे असे आम्हाला वाटले. प्रस्तुत लेख त्या वाचनाचे फलित आहे.

आमचा पूर्वग्रह असा होता की अद्भुतकथा म्हणजे निर्बंध नसलेली कल्पना, आणि तिच्यातील उपचार म्हणजे भोळ्या समजुतींना खतपाणी. वाचनानंतर हा ग्रह टिकला नाही. चांगल्या अद्भुतकथेतील जादूला नियम असतात, पथ्य असते, काल असतो आणि मर्यादाही असते. नियम नसलेली जादू आम्हाला आढळली ती अन्यत्र. तिच्याकडे ओघाने येऊच.

त्रिविध औषधाची चौकट

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील तिस्रैषणीय नामक अकराव्या अध्यायात औषध तीन प्रकारचे सांगितले आहे, हे वाचकांस विदितच आहे. मंत्र, मणिधारण, बली, होम इत्यादी ते दैवव्यपाश्रय. आहार आणि औषधद्रव्यांची विचारपूर्वक योजना ते युक्तिव्यपाश्रय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे तो सत्त्वावजय. आचार्यांनी तिन्हींना स्थान दिले, पण त्यांची सरमिसळ केली नाही. होमाचे फळ चूर्णाच्या पुडीत बांधून देण्याची मुभा कोणालाही दिलेली नाही. अद्भुतकथेतील आणि काव्यातील औषधींचा विचार करताना हीच चौकट आम्ही वापरली आहे.

एका रात्रीतील हाडे

प्रथम त्या मुलाच्या पुस्तकाकडे वळू. ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर मालिका १९९७ ते २००७ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाली. तिचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. हाडांचा प्रसंग १९९८ सालच्या दुसऱ्या खंडात येतो. खेळताना हॅरीचे हाड मोडते. लॉकहार्ट नावाचा एक शिक्षक, नको नको म्हणत असताना, सर्वांसमक्ष मंत्र घालून ते जोडू पाहतो आणि हाताची सारी हाडेच नाहीशी करून टाकतो. शाळेच्या रुग्णालयातील परिचारिका रागावते. मोडलेले हाड आपण क्षणात जोडले असते, परंतु नव्याने हाडे उगवणे हे निराळे काम आहे, असे ती बजावते. औषध घशाला जाळीत जाते आणि मुलगा रात्रभर वेदनेने तळमळतो. भग्नसंधान आणि धातूची नवनिर्मिती यांतील अंतर जादूच्या जगातही लेखिकेने राखले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याहून मोलाचा आहे तो लॉकहार्ट. तो अनेक पुस्तकांचा कर्ता, हसऱ्या छायाचित्रांमुळे घरोघरी ओळखीचा. पुढे उघड होते की त्याचे सारे पराक्रम इतरांचे आहेत. खऱ्या कर्त्यांची स्मृती पुसून त्याने ते आपल्या नावावर लावले. ज्या अकराव्या अध्यायाचा उल्लेख वर केला, त्याच अध्यायात चरकाचार्य वैद्यांचेही तीन प्रकार सांगतात. त्यांतील ‘सिद्धसाधित’ म्हणजे श्री, यश आणि ज्ञान यांनी संपन्न अशा दुसऱ्याच्या नावावर मोठेपण मिरविणारा. लॉकहार्टचे याहून नेमके निदान आम्हाला करता आले नसते.

याच मालिकेच्या सहाव्या खंडात (२००५) विषबाधा झालेल्या मित्राच्या घशात हॅरी एक खडा कोंबतो आणि त्याचे प्राण वाचवितो. हा खडा बकरीच्या पोटातील आहे, असे पहिल्याच खंडात सांगितलेले आहे. प्राण वाचले तरी मुलगा तत्काळ उठून बसत नाही. त्याला रुग्णशय्येवर ठेवून सतापीचा अर्क चालू ठेवला जातो. उपद्रव शमला तरी संसर्जनक्रम सुटत नाही, असे आपण म्हणू.

गोव्याचा खडा

हा खडा लेखिकेच्या कल्पनेतला नव्हे. फारसीतील ‘पादजहर’ या शब्दावरून युरोपीय भाषांत त्याला ‘बेझोआर’ म्हणतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरात केस, तंतू आणि क्षार यांचे थर बसून तो तयार होतो. १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधिद्रव्यांवरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापविला. त्यात या खड्याची चर्चा आहे. त्याच शतकात फ्रान्समध्ये शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे यांनी त्याची कसोटी पाहिली. चोरीसाठी मृत्युदंड झालेल्या एका स्वयंपाक्यास विष आणि त्यावर हा खडा देण्यात आला. काही तास वेदना भोगून तो मरण पावला. आज असा प्रयोग कोणीही समर्थनीय मानणार नाही. परंतु खड्याचा दावा त्यात टिकला नाही, हे खरे.

तरीही मागणी थांबली नाही. खरा खडा दुर्मीळ, म्हणून सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइट संस्थेत कृत्रिम खडे घडविले जाऊ लागले. गास्पार आंतोनियो नामक धर्मबंधूचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. बेझोआर, कस्तुरी, अंबर, रत्नांचे चूर्ण, माती असे मिश्रण गोल वळून त्यावर सोन्याचा वर्ख चढवीत. युरोपातील श्रीमंत तो खडा खरवडून पेयात घालून घेत, आणि सोन्याच्या जाळीदार डबीत जपून ठेवीत. अशा डब्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.

औषधालयांच्या चालकांनी या प्रकरणाकडे थोडे थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. खड्यापेक्षा डबी मोलाची ठरली आणि औषध डबीच्या किमतीवर खपले. शिवाय नावाचा घोटाळाही आहेच. आज ‘जहरमोहरा’ म्हणून आपण ज्याची पिष्टी करतो ते खनिज आहे, प्राणिज खडा नव्हे. एक नाव दोन वस्तूंना लागले की ग्राहकाच्या मनात जुन्या वस्तूची कीर्ती नव्या वस्तूला आपोआप चिकटते. ती चिकटू द्यावी की तोडावी, हे मात्र विकणाऱ्याच्या हाती असते.

राजाचे पान

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडी कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाने १९१६ मध्ये सोमच्या लढाईतील खंदक पाहिले होते, खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी रुग्णालयात दिवस काढले होते. रोग्याच्या खाटेशी बसून काय वाटते, हे त्यांना ठाऊक होते.

तिसऱ्या खंडात आरोग्यशाळेचे एक प्रकरण आहे. युद्धात जखमी झालेले काही जण अशा मूर्च्छेत आहेत की तेथील निष्णात वैद्यांचे उपाय चालत नाहीत. अंगे गार पडत आहेत. अ‍ॅरागॉर्न हा वनवासी राजा येतो आणि ‘अथेलास’ नावाची वनस्पती मागतो. तेथील वृद्ध सेविका त्या नावाने ती ओळखत नाही, पण लोकांतले नाव सांगताच ओळखते; तिला ते रानातले साधे झुडूप वाटते. मग औषधिभांडाराचे प्रमुख येतात. त्यांना या वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे पाठ आहेत, तिच्यावरची जुनी कवनेही येतात. नाही ती एकच गोष्ट: भांडारात ती वनस्पतीच नाही! तिला काही विशेष गुण आहे असे ते मानीत नाहीत. खोलीतील दूषित वास घालविण्यापुरती ती बरी, आणि म्हातारी माणसे डोकेदुखीवर तिचा फांट घेतात, इतकेच ते सांगतात. अखेर एक मुलगा धावत जाऊन कापडात गुंडाळलेली सहा पाने आणतो. तीही ताजी नाहीत, दोन आठवड्यांपूर्वी खुडलेली.

हे प्रकरण वाचताना आम्हाला आपल्याच परिषदांची आठवण झाली, हे कबूल करतो. पर्यायनामे मुखोद्गत आणि द्रव्य अनुपलब्ध, ही स्थिती आपल्याला अनोळखी नाही.

उपचार अगदी साधा आहे. अ‍ॅरागॉर्न दोन पाने हातात घेऊन त्यांवर श्वास सोडतो, चुरडतो आणि उकळत्या पाण्यात टाकतो. वाफेबरोबर सुगंध दरवळतो, आणि रोगी डोळे उघडतो. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चारही पाद लेखकाने त्या खोलीत उभे केले आहेत. द्रव्य तर दुय्यम प्रतीचे. पण योजना करणारा, धावपळ करणारी मंडळी आणि हाकेला प्रतिसाद देणारा रोगी यांनी ते तारून नेले. आणि एका वीर स्त्रीबाबत तो राजा स्वच्छ सांगतो की शरीर आपण परत आणू शकतो, परंतु जागी झाल्यावर तिला आशा भेटेल की निराशा, हे आपल्या हाती नाही.

त्याच कादंबरीत फ्रोडो या नायकाला शापित सुऱ्याची जखम होते. अथेलासने थंडी आणि वेदना कमी होतात, पण व्रण निवळत नाही. सुऱ्याचा बारीक तुकडा आत राहून हृदयाकडे सरकत असतो. तो शोधून बाहेर काढल्यावरच त्याचे प्राण वाचतात. सुश्रुताचार्यांनी शरीरात दडलेल्या शल्याच्या शोधासाठी प्रनष्टशल्यविज्ञानीय असा स्वतंत्र अध्याय का लिहिला, ते येथे सहज समजते. इतके होऊनही ती जखम दरवर्षी त्याच तिथीला उमळते, आणि शेवटपर्यंत पूर्ण बरी होत नाही. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय या आपल्या वर्गीकरणात ती याप्य ठरेल. सारी जादू हाताशी असताना लेखकाने नायकाचा व्याधी याप्य ठेवला.

द्रोणागिरी आणि जत्रेतील पुडी

आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध अद्भुत औषधी म्हणजे संजीवनी. वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात जांबवान हनुमंताला हिमालयातील चार औषधी आणावयास सांगतो: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी (पाठभेदाने सावर्ण्यकरणी) आणि संधानी. आपण भक्तिभावाने पहिले नाव लक्षात ठेवतो आणि उरलेली तीन विसरतो. वास्तविक त्या तीन नावांत शस्त्राघाताच्या चिकित्सेचा क्रमच आहे. शल्य काढणे, तुटलेले सांधणे, त्वचेचा वर्ण पूर्ववत करणे. सुश्रुतांनी व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले, त्यांत संधान आहे, आणि वर्णासाठी पांडुकर्म व कृष्णकर्मही आहेत. पुढे लक्ष्मणाला शक्ती लागते तेव्हा सुषेण ती औषधी कुटून नस्याच्या मार्गे देतो. म्हणजे द्रव्य अलौकिक असले, तरी कल्पना आणि मार्ग वैद्यकातलेच आहेत. हनुमंताने पर्वत आणला; औषधयोजना सुषेणानेच केली.

या औषधीचा शोध आजही चालू आहे. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात के. एन. गणेशय्या व सहकाऱ्यांनी ग्रंथातील वर्णने पडताळून काही संभाव्य वनस्पतींची छाननी केली. २०१६ मध्ये उत्तराखंड शासनाने संजीवनीच्या शोधासाठी २५ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आणि जत्रांमधून ‘संजीवनी’ म्हणून जी सुकलेली मूठ विकली जाते, ती बहुधा सेलाजिनेला या नेचांच्या नातलग कुळातील असते. ती सुकून गोळा होते आणि पाण्यात टाकताच हिरवी होऊन उलगडते. हा गुण खरा आहे; पण तो त्या वनस्पतीचा स्वतःचे प्राण राखण्याचा गुण आहे. पाण्यात जिवंत होते ती वनस्पती. तिच्यामुळे रोगीही उठून बसेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

हे वाक्य आम्हाला आज लिहिता येते. काही वर्षांपूर्वी ते उच्चारण्याची गरज होती, तेव्हा आम्ही गप्प राहिलो. पन्नाशीचे एक गृहस्थ मूत्रपिंडाच्या विकाराने क्षीण झाले होते. त्यांना डायलिसिस सुरू करण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांचा मुलगा जत्रेतून अशीच पुडी घेऊन आमच्याकडे आला. तिच्यासाठी त्याने बरीच रक्कम मोजली होती. "अनुपान कोणते द्यावे, तेवढे सांगा," असे तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतील आशा मोडवेना. आम्ही ‘बघू’ असे काहीसे पुटपुटलो आणि पथ्याचा कागद लिहून दिला. तीन आठवड्यांनी ते गृहस्थ अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात दाखल झाले. त्यांचे प्राण वाचले, परंतु त्या तीन आठवड्यांत जे बिघडले ते सुधारले नाही. मुलाने आम्हाला दोष दिला नाही. "तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून वाटलं चालेल," एवढेच तो म्हणाला.

आम्ही ती पुडी विकली नव्हती, सुचविलीही नव्हती. तरीही आमच्या मौनाने तिच्यावर वैद्याची मोहर उमटली.

मरणाऱ्याला जाऊ द्यावे

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक गेड हा तरुण मांत्रिक. एका कोळ्यांच्या बेटावर त्याच्या मित्राचे बालक तापाने मरणपंथाला लागते. व्रण भरावा, व्याधी घालवावा, पण निघालेल्या प्राणाला जाऊ द्यावे, असे वनौषधी शिकविणाऱ्या गुरूने त्याला बजावलेले असते. आईबापांचा आकांत पाहून गेड ते विसरतो, मुलाच्या प्राणामागे मृत्युलोकाच्या उतारावर जातो. मूल वाचत नाही. गेड स्वतः कसाबसा परततो, आणि येताना त्याचा शत्रू त्याला गाठतो. करुणेपोटी मर्यादा ओलांडणाऱ्या वैद्याचे इतके कठोर चित्र आम्ही अन्यत्र वाचले नाही. ‘बघू’ म्हणणारे आम्ही आणि मृत्यूच्या मागे धावणारा गेड यांच्यात फार अंतर नव्हते. दोघांनाही ‘नाही’ हा शब्द जड गेला होता.

याच कादंबरीच्या आरंभी आणखी एक धडा आहे. गेड वाटेवरील एका क्षुद्र वनस्पतीचा उपयोग विचारतो. मला ठाऊक असा काहीच नाही, असे गुरू उत्तर देतो. मग तो सांगतो की मूळ, पान, फूल हे सर्व ऋतूंत पाहून, गंधाने आणि बीजाने ओळखून घे. मगच तिच्या खऱ्या नावापाशी पोहोचशील. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतात की गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी औषधींना नावारूपाने ओळखतात. त्याला योजनेचे ज्ञान जोडले की मनुष्य तत्त्वज्ञ होतो. आपण आज योजनेपासून आरंभ करतो, आणि रूपाची ओळख बहुधा बरणीवरील चिठ्ठीवर थांबते.

काव्याचे काम

रूपाची ती ओळख जिवंत ठेवण्याचे काम निसर्गकाव्य करते. आपल्या शास्त्राच्या उगमाशीच असे एक काव्य आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९७ वे, २३ ऋचांचे औषधिसूक्त भिषगाथर्वण या ऋषीच्या नावावर आहे. त्यात वनस्पतींना माता म्हटले आहे. त्यांच्या शेकडो स्थानांचे, फुलण्याफळण्याचे वर्णन आहे. वैद्याला मिळावयाच्या गाय, घोडा, वस्त्र यांचा उल्लेख करण्यातही ऋषी संकोच करीत नाही. सर्वांत हृदयंगम आहे ती खणणाऱ्यासाठी केलेली प्रार्थना. खणणाऱ्याला इजा न होवो, आणि ज्याच्यासाठी खणले जाते त्यालाही न होवो. मूळ खणून आणणाऱ्या माणसाची आठवण आपल्या खरेदीच्या पावतीत कोठे असते?

इंग्रजी निसर्गकवी जॉन कीट्स हा व्यवसायाने आपल्याच जातकुळीचा. १८१५ मध्ये तो लंडनच्या गाइज रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८१६ मध्ये त्याने औषधविक्रेता-चिकित्सकाचा परवाना मिळविला. त्याच्या १८१९ च्या काव्यांत वत्सनाभाच्या कुळातील वनस्पती येते, अफूचा उल्लेख येतो, आणि ही द्रव्ये मनाला काय करतात हे जाणणाऱ्याच्या सावधपणाने येतो. शोधनाविना वत्सनाभ न वापरणाऱ्या आपणांस तो सावधपणा लगेच ओळखू येईल. स्वतः कीट्स राजयक्ष्म्याने १८२१ मध्ये पंचविसाव्या वर्षी रोम येथे वारला. काव्याने क्षय बरा होत नाही. आणि तसा दावा त्याने कधी केलाही नाही.

काव्य जेथे उपयोगी पडते ते क्षेत्र निराळे. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांना १८२६ मध्ये, विशीत, घोर विषण्णतेने ग्रासले. कशातच रस उरला नाही. १८२८ मध्ये त्यांनी वर्ड्‌स्वर्थची निसर्गकविता वाचली, आणि हळूहळू भावना परत आल्या, असे त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. त्या कवितांना ते आपल्या मनःस्थितीवरील औषधाची उपमा देतात. हा सत्त्वावजय होय.

आधुनिक काळात रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. फरक एका दिवसाहूनही कमी होता, हे विसरू नये. पण झाड दिसण्यालाही काही अर्थ असावा, इतके त्यातून सूचित होते. बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेतले झाड आणि आपल्या पंचवल्कल क्वाथातली उंबराची साल एकच आहे. ती कविता मनात असलेला वैद्य साल सोलताना हात जरा आवरता घेईल, असे आम्हाला वाटते.

फलित

आता नियम नसलेल्या जादूकडे येऊ. टॉल्किन यांच्या कादंबरीचे पहिले दोन खंड १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आपल्या देशात औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम संमत झाला. त्यात जादुई उपचाराच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच यांचा नामोल्लेख आहे. आणि परिशिष्टात कर्करोग, मधुमेह यांसारखे असे व्याधी आहेत की ज्यांच्या उपचाराचा दावा जाहिरातीत करता येत नाही. कादंबरीकाराने स्वतःच्या जादूला मर्यादा घातली; जाहिरातदाराला ती कायद्याने घालावी लागली. कादंबरीवर ‘कादंबरी’ असे छापलेले असते. आपल्या बाटलीवर काय छापलेले असते, ते प्रत्येकाने उद्या सकाळी दुकान उघडल्यावर एकदा वाचून पाहावे.

आम्ही स्वतःपुरते काही ठरविले आहे. रोगी जे काही घेऊन येईल त्याविषयी मौन धरावयाचे नाही. ‘याने होणार नाही’ हे त्याच दिवशी, त्याच बैठकीत, आणि दुसरा मार्ग दाखवून सांगावयाचे. याप्य व्याधीला याप्यच म्हणावयाचे. आणि ज्या वनस्पतीचे चूर्ण विकावयाचे, ती वर्षातून एकदा तरी उभी पाहावयाची.

सहा आठवड्यांनी तो मुलगा प्लास्टर काढून आला. हात बारीक झाला होता, कातडी रखरखीत. या वेळी आम्ही वेळ मारून नेली नाही. एका रात्रीत हाडे आणणारे औषध आमच्याकडे नाही, आणि ते असते तरी रात्रभर रडावे लागले असते, हे पुस्तकातच लिहिले आहे, असे त्याला सांगितले. कांडवेलीने मदत होत असेल, पण हाड त्याच्या शरीराने जोडले, हेही सांगितले. मग अंगणातील वेलीची दोन पेरे कापून त्याला कुंडीत लावून दिली. चार धारांचे कांड, हाताला खाजणारा रस, बारीक हिरवट फुले आणि लाल फळे हे सारे वर्षभरात पाहून येऊन सांग, असे म्हटले. "आणि उपयोग?" त्याने विचारले. तो फळे पाहून झाल्यावर सांगू, असे आम्ही उत्तर दिले. परवा त्याच्या आजी औषधासाठी आल्या होत्या. पेरांना मुळे फुटली आहेत, वेल खिडकीच्या गजापर्यंत पोहोचली आहे, पण फूल अद्याप आलेले नाही, असा निरोप त्याने पाठविला आहे.

इत्यलम्.